दुसऱ्यांदा सुरू होताना

पहिल्यांदा कॉम्प्रेसरची मोटार छान सुरू झाली. टाकी रिकामी होती. पट्टे जरा फडफडले, हवा दाबणाऱ्या हेडने दोनदा धाप टाकली आणि चाकाने वेग घेतला. टाकीच्या दाबाचा काटा चढत चढत आठ किलोवर गेला, प्रेशर स्विचने ‘टक’ केलं आणि पडवी एकदम शांत झाली. मी लगेच मामाला फोन लावला. मामा म्हणाला, “आता हवा सोड. पाच-साडेपाचवर येऊ दे. परत चालू होते का बघ, मग सांग.”

ती परत चालू झाली नाही. चाक पाव वेढा फिरलं, अडलं, किंचित मागे आलं, आणि मोटार घुमायला लागली. जळकी मोटार ज्यांनी एकदा ऐकली आहे त्यांना तो आवाज वेगळा सांगावा लागत नाही. घरातले दिवे मंदावले. एमसीबी पडेपर्यंत आठ-दहा सेकंद गेले असतील, तेवढ्यात वार्निशचा गोडसर करपट वास पडवीभर पसरला. त्या दिवसापर्यंत माझ्या मनात मोटारीबद्दल एकच प्रश्न होता, किती एचपीची घ्यायची? दुकानदारही तेवढंच विचारतो.

कॉम्प्रेसर मामाचा. इचलकरंजीत सांगली रोडला त्याचं रंगाचं दुकान होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, लोखंडी कपाटं, शाळेचे बाक, असं काहीही तो स्प्रेने रंगवायचा. लहानपणी सुट्टीत मी तिथे बसून असायचे, आणि दिवस संपला की मामा हवेचा पाईप माझ्या हातात द्यायचा, दुकान झाडायला. दुकान बंद केल्यावर मोटार कुणा नातेवाईकाने नेली. दोन सिलिंडरचं हेड आणि 100 लिटरची टाकी मात्र मामाने ठेवली होती. मी लाकडाची कामं करायला लागले, ब्रशने पॉलिश मारून त्यातल्या रेघांना कंटाळले, तेव्हा तो म्हणाला, “घेऊन जा. मोटार तेवढी बघ.”

मी बघितली ती कडबाकुट्टीची मोटार. फारशी न वापरलेली, पाटीवर 3 एचपी, किंमत बरी. मामाकडेही 3 एचपीचीच होती, त्यामुळे मला शंका यायचं कारण नव्हतं.

इचलकरंजीत मोटारींना तोटा नाही. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग चालवला, आणि आज गावातल्या कुठल्याही गल्लीत कान दिला तरी मागांचा खटखटाट ऐकू येतो. मागाला मोटार लागते, मोटार कधीतरी जळतेच, म्हणून वायंडिंगची दुकानंही गल्लोगल्ली. मी ज्या मिस्त्रींकडे गेले, त्यांच्या दुकानात मागाच्या मोटारी भिंतीला ओळीने लावून ठेवल्या होत्या. मार्च सुरू झालेला, त्यामुळे विहिरी-बोअरच्या सबमर्सिबलची रांग वेगळी. त्यांनी माझी मोटार उघडली, वायंडिंगवर नखाने खरवडलं आणि माझ्यासमोर धरली. तांब्याचा लाल रंग दिसायच्या जागी पांढुरकी चकाकी होती. ॲल्युमिनिअम.

“मोटार एकदम वाईट न्हाई, ताई,” ते म्हणाले. “पण हे काम तिचं न्हवं. कडबाकुट्टी चालू करताना तिच्या तोंडात कडबा असतोय का?”

“नाही. आधी चालू करायची, मग पेंढी लावायची.”

“पिठाच्या गिरणीचं?”

“आधी गिरणी चालू होते, मग दाणे सोडतात.”

“आता तुमच्या काम्प्रेसरचं सांगा.”

मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर कळलं होतं. कॉम्प्रेसरच्या तोंडात कडबा आधीच असतो. पहिल्या वेढ्यापासून पिस्टनला हवा दाबायची असते, वरून बिडाचं जड चाक गतीला आणायचं असतं. मिस्त्री उभं आयुष्य मागाच्या मोटारी भरत आलेले. मागाचं दुखणंही हेच. क्लच नसलेल्या मागाची मोटार पहिल्याच ठोक्याला पूर्ण जोरात उचलावी लागते, नाहीतर कापडावर सुरुवातीची पट्टी उमटते आणि कापड उतरत्या भावाने जातं. म्हणून मागाच्या मोटारी सुरुवातीचा जोर धरूनच बनवतात. ज्या गावाचं पोट त्या पहिल्या ठोक्यावर भरतं, तिथल्या वायंडरला मला फार समजावून सांगावं लागलं नाही.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. “बंद झाल्यावर फुस्स करतोय का?”

नव्हता करत. इथे माझी चूक होती, आणि ती सांगायलाच हवी, कारण मोटारीच्या नावावर खपणारे कितीतरी दोष मुळात इथले असतात. मोटार थांबते तेव्हा हेड आणि टाकी यांच्यामधल्या नळीत दाबलेली हवा अडकून राहते. प्रेशर स्विचच्या बाजूला एक छोटा व्हॉल्व्ह असतो, स्विच बंद होताना तो ही नळीतली हवा बाहेर सोडतो. पंक्चरवाल्याच्या दुकानात कॉम्प्रेसर थांबताना जी ‘फुस्स’ ऐकू येते ती हीच. टाकीतली हवा उलटी येऊ नये म्हणून टाकीच्या तोंडाशी एनआरव्ही असतो. हे दोन्ही नीट असले तर पुढच्या वेळी मोटारीला पहिले काही वेढे हलके मिळतात. मी नवीन प्रेशर स्विच आणून बसवला होता, आणि त्या छोट्या व्हॉल्व्हची नळी जोडायची सोडून भोक बूच मारून बंद केलं होतं. मामाच्या जुन्या जोडणीत ती नळी नव्हतीच. त्याच्या दुकानात मोटार सकाळी एकदा सुरू व्हायची ती संध्याकाळपर्यंत थांबायचीच नाही. टाकी भरली की हेड अनलोडवर जायचं, म्हणजे हवा दाबायचं थांबायचं, आणि चाक नुसतं फिरत राहायचं. दुसऱ्यांदा सुरू होण्याचा प्रश्न त्याने दिवसभर चालू ठेवून टाळला होता. आणि म्हणूनच फोनवर त्याने नेमका तोच प्रश्न मला विचारला.

सिंगल फेजची मोटार मुळात सुरूच कशी होते, हे मला त्या दुकानात पहिल्यांदा नीट कळलं, आणि तेव्हापासून मी तिच्या प्रेमात आहे. 1888 मध्ये निकोला टेस्लाने जिचं पेटंट घेतलं त्या इंडक्शन मोटारीचं सगळं गुपित फिरत्या चुंबकक्षेत्रात आहे. थ्री फेजमध्ये तीन प्रवाह एकमेकांच्या मागोमाग येतात, त्यामुळे क्षेत्र आपोआप गोल फिरतं आणि रोटर त्याच्या मागे धावतो. सिंगल फेजमध्ये तसं होत नाही. तिथे क्षेत्र जागच्या जागी फुगतं आणि ओसरतं. कुठल्या बाजूला वळायचं हे रोटरला ठरवताच येत नाही, तो नुसता थरथरतो. हाताने झटका दिला तर ज्या बाजूला द्याल त्या बाजूला तो पळत सुटतो आणि मग थांबत नाही. तो झटका हाताने द्यायला लागू नये म्हणून आत दुसरी, बारीक तारेची वायंडिंग असते आणि तिच्या वाटेत कंडेन्सर. कंडेन्सरमुळे त्या वायंडिंगचा प्रवाह मुख्य प्रवाहाच्या थोडा पुढे जातो, आणि तेवढ्या फरकावर क्षेत्र फिरल्यासारखं होतं.

हा झटका किती जोराचा, यावर मोटारीची जात ठरते. पंख्याच्या मोटारीला एकच लहान कंडेन्सर असतो, तो कायम जोडलेला राहतो. सुरुवातीचा जोर तिच्या नेहमीच्या जोरापेक्षाही कमी, कारण पंख्याची पाती सुरुवातीला काहीच मागत नाहीत. माझी कडबाकुट्टीची मोटार याच जातीची निघाली, पाठीवर एकच कंडेन्सर. दुसऱ्या जातीत मोठा स्टार्टिंग कंडेन्सर असतो. तो नेहमीच्या जोराच्या दुप्पट-तिप्पट जोर देतो आणि वेग पाऊण झाला की शाफ्टवरचा सेंट्रिफ्यूगल स्विच त्याला बाजूला काढतो. तिसऱ्या जातीत दोन्ही कंडेन्सर असतात, एक सुरुवातीला ढकलायला आणि एक कायम सोबतीला, त्यामुळे चालतानाही मोटार कमी तापते, कमी गुणगुणते. कॉम्प्रेसरसाठी दुसरी किंवा तिसरीच. मोटारीच्या पाठीवर एक कुबड दिसतंय की दोन, हे लांबूनही दिसतं. तरीही एका कुबडाची मोटार दिसली तर तो कंडेन्सर स्टार्टिंगचा आहे की रनिंगचा, हे त्याच्यावरचा मायक्रोफॅरडचा आकडा वाचूनच ठरवायचं.

मिस्त्रींनी माझ्या मोटारीची पाटी पुसून माझ्याकडे सरकवली. “वाचा.” 3 एचपी, 230 व्होल्ट, 9 अँपिअर. मी हे खरेदीच्या वेळीही वाचलं होतं. त्यांनी खडूने टेबलावर गुणाकार केला. एक एचपी म्हणजे 746 वॅट, तीन म्हणजे 2238. मोटार आत घेते 230 गुणिले 9, म्हणजे फार तर 2070. घेतल्यापेक्षा जास्त द्यायची कुवत कुठल्याच मोटारीत नसते. उलट उष्णतेत, घर्षणात चौथा हिस्सा तरी जातो. ती खरी पाहता जेमतेम दोन एचपीची होती. पाटी कुणी ठोकली ते मला माहीत नाही, पण तेव्हापासून मी एचपीचा आकडा शेवटी वाचते. आधी अँपिअर, मग किलोवॅट, मग आरपीएम म्हणजे मिनिटाला फेरे, मग ड्युटी. एस1 लिहिलेलं असलं तर मोटार पूर्ण भारावर सतत चालू शकते, एस2 असेल तर ठराविक मिनिटंच.

एवढ्यावर दोष संपला नव्हता. पडवी घराच्या मागच्या बाजूला आहे, आणि मी मोटार वीस मीटरच्या एक्स्टेंशन वायरवर लावली होती. वायर एक स्क्वेअर एमएमची, मिक्सरला किंवा ड्रिलला पुरते तशी. वीस मीटर जाऊन वीस मीटर परत यायचं, म्हणजे तांब्याचा चाळीस मीटरचा रस्ता, त्याचा रोध साधारण पाऊण ओहम. चालू मोटार नऊ-दहा अँपिअर घेत असली तरी सुरू होताना ती पाच-सहा पट मागते. साठ अँपिअर धरले तर नुसत्या वायरीतच 43 व्होल्ट खाल्ले जातात. संध्याकाळी आमच्याकडे विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, आधीच 205 वर आलेला असतो. आणि मोटारीचा जोर विजेच्या दाबाच्या वर्गाने घटतो, हे फार कमी लोक लक्षात घेतात. 230 च्या जागी 165 मिळाले की जोर निम्म्यावर येतो. म्हणजे आधीच कमी जोराची जात, तिच्यावर खोटी पाटी, मधे बारीक वायर, समोर हवेने भरलेलं हेड. ती बिचारी घुमणार नाही तर काय करणार.

नवीन मोटार घ्यायची ठरली तेव्हा मामाचं म्हणणं एकच होतं, “थ्री फेज घे. सिंगलच्या भानगडीत पडू नको.” त्याचं खरं आहे. थ्री फेज मोटारीत कंडेन्सर नाही, सेंट्रिफ्यूगल स्विच नाही, बिघडायला बेअरिंगशिवाय फार काही नाही. पण घराचं कनेक्शन सिंगल फेज, आणि आठवड्यातून दोन दिवसांच्या छंदासाठी ते बदलून दरमहा जास्त स्थिर आकार भरणं मला पटलं नाही. मधला एक रस्ता आहे, व्हीएफडीचा. ही पेटी सिंगल फेज घेते आणि आतल्या आत तीन फेज तयार करते, शिवाय मोटार हळूहळू उचलते, त्यामुळे झटका नाही आणि दिवे मंदावत नाहीत. पण सिंगल फेजवर चालणारी साधी पेटी 230 व्होल्टचीच थ्री फेज देते, आणि आपल्याकडच्या लहान मोटारी बहुतेक 415 व्होल्टला स्टार जोडलेल्या असतात. त्यांच्या वायंडिंगची जोडणी बदलून त्या डेल्टा करून घ्याव्या लागतात. वायंडिंगची सहाही टोकं बाहेर काढलेली असतील तर पाच मिनिटांचं काम, नसतील तर वायंडरकडे जाऊन मोटार उघडा. मी या पर्यायाच्या फार जवळ गेले होते. थांबले ते पडवीतल्या भुश्शामुळे. लाकडाचा बारीक भुसा सगळीकडे शिरतो, आणि ती पेटी बिघडली तर मिस्त्री तिला हात लावणार नाहीत. मला गावात दुरुस्त होणारी गोष्ट हवी होती. ज्याची पडवी स्वच्छ आहे त्याने मात्र व्हीएफडीचा जरूर विचार करावा.

मग एचपी. इथे मामाची पुली कामी आली. त्याच्या मोटारीवर सहा इंची पुली होती, हेडचं चाक बारा इंची. 1440 आरपीएमची मोटार, म्हणजे हेड 720 ने फिरायचं, आणि तेवढ्याला त्याची 3 एचपी लागायची. हेड जितकं हळू फिरवाल तितकी कमी हवा निघते आणि जवळपास त्याच प्रमाणात ताकदही कमी लागते. चार इंची पुली लावली तर हेड 480 ने फिरणार, 720 चा दोन तृतीयांश, आणि तीन एचपीचे दोन तृतीयांश म्हणजे दोन. पट्टे ‘ए’ सेक्शनचे, म्हणजे बारीक, असल्यामुळे चार इंची पुली चालते. ‘बी’ सेक्शनचे असते तर इतक्या लहान पुलीवर ते वाकून वाकून तडकले असते. 480 च्या खाली मात्र जायचं नव्हतं, कारण या हेडमध्ये ऑइल पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या खालची छोटी दांडी तेलात आपटून तेल उडवते, आणि फार हळू फिरवलं तर ते वरपर्यंत पोचत नाही.

2880 ची मोटार स्वस्त पडत होती. पण तिला तोच वेग द्यायला दोन इंची पुली लागली असती. एवढ्याशा पुलीवर पट्ट्याला धरायला जागाच राहत नाही, सुरू होताना तो घसरतो, आणि तिचा आवाजही चढा.

दोन एचपीवर हवा किती मिळणार? माझ्या हिशोबाने साडेपाच सीएफएमच्या, म्हणजे मिनिटाला साडेपाच घनफुटांच्या आसपास. मोठी स्प्रे गन दहा मागते. फरक टाकी भरून काढते. आठ किलोवरून साडेपाचवर येईपर्यंत 100 लिटरची टाकी सुमारे अडीचशे लिटर हवा देते, म्हणजे जवळपास मिनिटभर. तिथून मोटारही सुरू होऊन भर घालते, त्यामुळे सलग दोन मिनिटं निघतात. कपाटाच्या एका पल्ल्याचा एक हात दोन मिनिटांत होतो. मग ट्रिगर सोडायचा, पल्ला उलटायचा, दुसरा लावायचा. माझ्या कामाची चाल तशीच आहे. मामासारख्या दिवसाला चार ट्रॉल्या मला रंगवायच्या नाहीत, आणि वेग कमी झाल्याने आवाज इतका उतरला की दुपारी शेजारच्या काकूंची झोप मोडत नाही. मोठं काम करणाऱ्याने हा हिशोब उचलू नये, त्याने तीनचीच घ्यावी आणि वायर त्या मानाने टाकावी.

शेवटी घेतली ती 1.5 किलोवॅटची, म्हणजे दोन एचपीची, 1440 ची, दोन कंडेन्सरची, तांब्याच्या वायंडिंगची, पाटीवर 10.5 अँपिअर आणि एस1. बॉडी पूर्ण बंद, मागे पंखा, कारण भुसा. दुकानात टेप लावून पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची मोजली, 90 मिलिमीटर. शाफ्ट 24 चा. पाटी कुणीही छापू शकतो, पण लोखंड आणि तांबं वजन लपवू शकत नाही. ही रिक्षात चढवायला दोघे लागले. कडबाकुट्टीची मी एकटीने उचलली होती, आणि तेव्हा मला ती हलकी असल्याचा आनंदच वाटला होता.

बसवायला पूर्ण रविवार गेला. मीटरजवळून चार स्क्वेअर एमएमची वेगळी वायर, सुरुवातीचा झटका सोसणारा ‘सी’ कर्व्हचा 20 अँपिअरचा एमसीबी, पाटीच्या आकड्याला लावलेला ओव्हरलोड रिले, चांगली अर्थिंग. फुस्स करणारी नळी जोडली, एनआरव्ही उघडून आतली काजळी काढली. टाकीचं मात्र मी मोटारीच्याही आधी केलं होतं. जुनी टाकी आतून किती गंजली आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून पाण्याने भरून, दीडपट दाबावर तपासून घेतली आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवा टाकला. जळकी मोटार फार तर पैसे नेते. फाटलेली टाकी माणूस नेते, त्यामुळे तिथे काटकसर नको.

पहिल्यांदा चालू केली तर चाक उलटं फिरलं. चाकाच्या आऱ्या पंख्यासारख्या तिरक्या ओतलेल्या असतात आणि त्यांचा वारा सिलिंडरच्या पंखांवर आला पाहिजे. इथे तो माझ्याकडे येत होता. मोटार बंद करून, वीज तोडून, टर्मिनलच्या डबीत स्टार्टिंग वायंडिंगची दोन टोकं अदलाबदल केली. मामा तोपर्यंत खुर्ची ओढून पडवीच्या दारात बसला होता. आता त्याला कमी ऐकू येतं, म्हणून एक हात त्याने टाकीवर ठेवला होता.

काटा आठवर गेला. टक, आणि लगेच फुस्स. मी गन उघडी धरली. सात. सहा. साडेपाचला प्रेशर स्विच लागला, मोटारीने एक छोटा हुंकार दिला आणि चाक उचललं. सेकंदाच्या आत आतून ‘टिक’ असा आवाज आला, सेंट्रिफ्यूगल स्विच सुटल्याचा. दिवा जेमतेम लवला. मी परत हवा सोडली, परत उचललं. पाच वेळा केलं. मामाने टाकीवरचा हात काढून मोटारीच्या पाठीवर ठेवला आणि ओठ हलवत दहा आकडे मोजले. ही त्याची जुनी परीक्षा आहे, दहापर्यंत हात टिकला तर मोटार ठीक. आताच्या ‘एफ’ क्लासच्या, म्हणजे जास्त उष्णता सोसणाऱ्या इन्सुलेशनच्या मोटारी त्याहून जास्त तापल्या तरी त्यांना काही होत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. हात टिकला होता.

“बंद कर,” तो म्हणाला. “आणि खालचा कॉक उघड. पाणी साठलं असेल.”

मी टाकीखाली वाटी धरून कॉक सोडला. आधी फवारा आला, मग तांबूस पाण्याची धार, आणि शेवटी नुसती कोरडी हवा.